काकूंच्या झाडाची तीन पानं

काकूंच्या घरून निघताना तुम्हाला कढीपत्त्याची किती पानं मिळाली, यावरून ॲन आर्बरच्या मराठी मंडळींत तुमची पत ठरायची. दारात बूट घालायला वाकलं की काकू "थांब हं जरा" म्हणून आत जायच्या आणि एवढीशी झिपलॉक पिशवी घेऊन यायच्या. कुणाकडे बाळ झालं असेल, कुणी नवं घर घेतलं असेल, तर अख्खी डहाळी. नेहमीच्या घरोब्यातल्या कुटुंबांना अर्धी. आणि आमच्यासारख्या, बसनं येऊन तीनदा आमटी वाढून घेणाऱ्या स्टुडंट मुलींना तीन पानं.

"यार, तीन?" माझी रूममेट बसस्टॉपवर पिशवी दिव्याकडे धरून म्हणायची. ती नागपूरची, मनात आलेलं तोंडातून बाहेर यायला तिला वेळ लागत नसे. "हे फोडणीत टाकू का वहीत ठेवू?"

मी काही बोलायचे नाही. मला मनातलं तोंडात आणायला साधारण दोन दिवस लागतात. शिवाय इंग्रजी शाळेत गेल्यामुळे मोठ्या माणसांशी मराठीत बोलताना वाक्य आधी मनात जुळवून घ्यायची सवय होती, आणि ते जुळेपर्यंत विषय बदललेला असायचा. पण त्या वर्षी, म्हणजे दोन हजार पाचच्या सप्टेंबरपासून, त्या पानांची सगळ्यांत जास्त गरज कुणाला असेल तर मला होती. आणि ती खाण्यासाठी नव्हती.

मी मास्टर्सच्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या लॅबमध्ये उष्ण प्रदेशातल्या खाण्याच्या पानाफळांचे अँटिऑक्सिडंट गुण मोजायचं काम चालायचं. हे सांगताना मी नेहमी सफरचंदापासून सुरू करते. चिरलेलं सफरचंद उघडं ठेवलं की काळं पडतं, लिंबू चोळलं की पडत नाही. हवेतला ऑक्सिजन जी नासधूस करतो ती थोपवणारी द्रव्यं पानाफळांत असतात. कुणात जास्त, कुणात कमी. ती मोजायची आमची पद्धत बघायला गोड होती. एक गडद जांभळं रसायन अल्कोहोलमध्ये विरघळवायचं, त्यात पानाचा अर्क थेंबभर सोडायचा. अर्क गुणाचा असेल तर जांभळा रंग उडून द्रावण पिवळं होतं. किती वेळात किती रंग गेला ते यंत्र मोजतं, आपण वहीत लिहायचं.

आवळा म्हणजे वर्गातली पहिला नंबर काढणारी मुलगी. थेंब पडला न पडला तोच रंग पळालेला. शेवग्याचा पाला तिच्या मागोमाग. पेरू बरा. अळू रडतखडत पास. हा सगळा माल इंडियन ग्रोसरीच्या दुकानातून, गोठवलेला किंवा वाळवलेला यायचा, आणि तक्त्यात तशी नोंद असायची. 'ताजं' असं लिहिलेलं आमच्या सबंध तक्त्यात एकच पान होतं. कढीपत्ता. नोंद होती: 'एकाच झाडाची, घरी वाढवलेली, ताजी तोडलेली पानं.' ते झाड काकूंचं.

प्रोफेसरांना ही नोंद फार आवडली होती. प्रोफेसर अमेरिकन होते, उंच, हिवाळ्यातसुद्धा सायकलवरून येणारे. बाकी सगळे विद्यार्थी त्यांना पहिल्या नावानं हाक मारायचे. माझ्या तोंडून ते नाव निघेना, आणि 'सर' म्हटलं की ते हसायचे. म्हणून दोन वर्षं मी त्यांना कोणत्याच नावानं हाक मारली नाही. ते माझ्याकडे बघेपर्यंत जवळ जाऊन उभी राहायचे.

तर, झाड. काकूंना ते एका आंध्रातल्या बाईंकडून बोटभर रोपाच्या रूपात मिळालं होतं आणि सात-आठ वर्षांत माझ्या खांद्यापर्यंत आलं होतं. जूनमध्ये ते घरामागच्या लाकडी डेकवर जायचं आणि सप्टेंबर संपताना, पहिली थंडी पडायच्या आत, घरात यायचं. त्या सप्टेंबरला काकांची पाठ धरली होती, म्हणून कुंडी आत आणायला आम्हा दोघींना बोलावलं. रूममेटनं खालून धरलं, मी वरून. काकू मागून सूचना देत होत्या.

"हळू! डावीकडे! अगं तुझी डावी नाही, झाडाची डावी!"

दारातून आत येताना कटकन आवाज झाला. एक चांगली जाडजूड फांदी, पानांनी भरलेली, खाली लोंबत होती.

"चौकट लागली," मी म्हणाले. एवढं चटकन मी आयुष्यात मराठीत बोलले नव्हते.

काकूंनी फांदीकडे पाहिलं, चौकटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "असू दे," त्या म्हणाल्या. "तू ते पानांचं काहीतरी करतेस ना लॅबमध्ये? घेऊन जा."

फांदी माझ्या कोपरानं मोडली होती.

त्या फांदीच्या पानांनी लॅबमध्ये कमाल केली. जांभळा रंग असा उतरला की शेजारच्या टेबलावरचा चिनी मुलगा बघायला आला. प्रोफेसरांनी माझ्या वहीवर बोट ठेवून "छान" म्हटलं. हाच प्रयोग आणखी दोनदा करायचा, तिन्ही आकडे जुळले की कढीपत्ता तक्त्यात पक्का, आणि उन्हाळ्यात या प्रोजेक्टवर मी पक्की. उन्हाळ्यात पगाराची जागा नाही मिळाली तर काय, ते मला माहीत होतं. आमच्या आधीची एक मुलगी तसल्या उन्हाळ्यात चुलत भावाच्या मोटेलवर चादरी बदलत होती.

दुसऱ्या प्रयोगासाठी मी पानं मागितली नाहीत. मला मागता येत नाही. मी फक्त नोव्हेंबरमधल्या एका शनिवारी, काकू पोळ्या लाटत असताना, म्हणाले की माझा प्रयोग पुन्हा करायचाय. त्या दिवशी निघताना मला चक्क अर्धी डहाळी मिळाली. पानं किंचित काळपट होती.

"थंडीनं काळवंडतात," काकू म्हणाल्या. "झाड वरच्या गेस्ट रूममध्ये ठेवलंय यंदा. हिवाळ्यात त्याला झोप लागते, बाहेर वर्दळ नको."

मी वहीत लिहिलं: 'त्याच झाडाची, ताजी.' प्रयोग केला. जांभळा रंग तसाच राहिला. बऱ्याच वेळानं जरासा फिका झाला, लाँड्रीत दोनदा धुतलेल्या कुर्त्यासारखा.

जानेवारीच्या सुरुवातीला तिसरी पिशवी, तिसरा प्रयोग. रंग जवळजवळ हललाच नाही. अळूसुद्धा पुढे गेलं.

प्रोफेसरांनी तिन्ही आकडे शेजारी शेजारी मांडले आणि खुर्ची मागे ढकलली. "झाड तेच आहे ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"खात्री आहे?"

"हो," मी म्हणाले. काकूंनी सांगितलं होतं. याहून मोठी खात्री असते हे माझ्या डोक्यात आलंच नाही. मी लॅबमध्ये बाटलीवरचं कंपनीचं लेबलसुद्धा दोनदा तपासत होते. पण काकूंनी पिशवी हातात देऊन "आपल्या झाडाची" म्हटल्यावर त्यांना उलट विचारणं, हे कुठल्या वहीत बसतं?

"मग झाड बदललेलं नाही, पद्धत बदललेली नाही," ते सावकाश म्हणाले, "तर तुझा हात बदललाय." ते रागावले नव्हते, तेच जास्त वाईट होतं. तीन आठवड्यांनी ग्रुपची मीटिंग होती. तोवर आकडे जुळले नाहीत, तर कढीपत्ता काढून टाकायचा आणि उन्हाळ्याचं काय ते पुन्हा बघायचं, असं ठरलं.

माझा हात बदललेला नव्हता, हे मला माहीत होतं. मी परीक्षेत रडलेली मुलगी असेन, पण माझा थेंब कधी चुकलेला नाही.

दोन हजार सहाची संक्रांत, अमेरिकेतल्या सगळ्या सणांसारखी, सोयीच्या शनिवारी आली. काकूंकडे हळदीकुंकू होतं. लग्न न झालेल्या आम्हा मुलींना मान कमी आणि काम जास्त असायचं, पण मटार करंज्या मिळायच्या. पंचवीसेक बायका येणार होत्या. गाड्या लावायला जागा राहावी म्हणून काकांनी दोनदा बर्फ उपसला होता.

"काकू, यंदा वाण काय लुटताय?" रूममेटनं विचारलं. गेल्या वर्षी प्लॅस्टिकचे डबे होते, त्याच्या आदल्या वर्षी म्हणे चहाच्या गाळण्या.

काकू जरा ताठ झाल्या. "यंदा घरचं वाण. आपल्या झाडाचा कढीपत्ता. प्रत्येकीला एक डहाळी."

"प्रत्येकीला!" रूममेट म्हणाली आणि तिनं माझ्याकडे पाहिलं. पंचवीस डहाळ्या. आमची पाच महिन्यांची मिळकत एकत्र केली तरी दोन झाल्या नसत्या.

मी मनात हिशेब करत होते. खांद्याएवढं झाड, त्यातून एक मोठी फांदी गेलेली, बाहेर बर्फ. 

"अगं, तळघरात जा," काकू मला म्हणाल्या. "मोठ्या फ्रीझरमध्ये करंज्या आहेत. व्हॅनिला आइसक्रीमच्या डब्यात."

आपल्या घरांत आइसक्रीमच्या डब्यात आइसक्रीम असण्याची वेळ फक्त एकदा येते, विकत आणल्यावर. त्यानंतर त्यात काय असेल ते घरच्या बाईलाच ठाऊक. त्या फ्रीझरमध्ये व्हॅनिलाचे डबे दोन होते. मी पहिला उघडला.

आत कढीपत्ता होता. पाकिटांवर पाकिटं, गच्च रचलेली. प्रत्येकावर ग्रोसरीच्या दुकानाचं स्टिकर. काहींवरचं स्टिकर नखानं अर्धं खरवडलेलं होतं. शेजारी रिकाम्या छोट्या झिपलॉक पिशव्यांचं खोकं, आणि एक पंचा. काळपट पानांचे ठसे उमटलेला. म्हणजे पाकीट काढायचं, थोडं वितळू द्यायचं, पंच्यावर कोरडं करायचं, लागेल तेवढं पिशवीत भरायचं आणि उरलेलं परत फ्रीझरमध्ये. कदाचित तीच पानं चार चार वेळा गोठून वितळून.

मला पहिल्यांदा काय वाटलं असेल, तर आनंद. माझा हात बदललेला नव्हता! मी तळघरात एकटी हसले. हसत मान वळवली, तर जिन्यावर काकू उभ्या होत्या. पैठणी नेसलेल्या, पायात स्नीकर्स, हातात झारा.

"दुसरा डबा," त्या म्हणाल्या.

मी झाकण लावलं. ते लागेना. अशा वेळी कधी लागतच नाही.

"बघितलंस?"

"हो."

"आता काय, तुझ्या लॅबमध्ये सांगणार?"

मला एवढंच सुचलं: "रंग जात नव्हता, काकू."

"कसला रंग?"

मी त्यांना सांगितलं. जांभळं, पिवळं, तीन पिशव्या, माझा हात, उन्हाळा. त्या झारा हातात धरून ऐकत राहिल्या. वर बेल वाजली, कुणीतरी "आलोऽ" म्हटलं, पावलांचा आवाज सुरू झाला. काकू म्हणाल्या, "चल."

मागच्या जिन्यानं त्या मला थेट गेस्ट रूममध्ये घेऊन गेल्या. दार उघडल्याबरोबर आंबट ताकाचा भपकारा आला. खिडकीपाशी कुंडीत एक काठी उभी होती. काठीच. टोकाला एका छोट्या डहाळीवर काही पानं, बाकी सगळं उघडं.

"ऑक्टोबरात ठेवलं हीटरच्या झरोक्यावर. ऊब मिळेल म्हणून. आठ दिवसांत सडा पडला. मग ताक घालतेय, आंबट. आईनं फोनवर सांगितलं. ताकानं झाड काही उठेना, काकांनी मात्र या खोलीत यायचं सोडलं."

मी पानं मोजली. बारा.

"मग सांगायचं ना, काकू. झाड सुकलं म्हणून."

"आणि मग?" त्यांनी पैठणीच्या पदरानं खिडकीवरचं बाष्प पुसलं. "मला हायवेवर गाडी चालवता येत नाही. बारा वर्षं झाली इथे. फोन कुणाचा येतो? 'काकू, कढीपत्ता आहे का?' आहे म्हटलं की येतात, चहा घेतात, तासभर बसतात. नाही म्हटलं तर दुकान वीस मिनिटांवर आहे."

मला बोलायला हवं होतं, आणि वाक्य जुळवायला वेळ नव्हता. "ती फांदी चौकटीनं नाही मोडली," मी म्हणाले. "माझं कोपर लागलं."

"माहितेय. मी मागेच उभी होते."

"मग तुम्ही म्हणाला का नाहीत?"

"तू एवढं छान खोटं बोललीस, म्हटलं कशाला मोडा." मग त्यांनी झारा माझ्याकडे रोखला. "पण म्हणून तर तुला तीन पानं."

"आणि माझ्या रूममेटला?"

"तिला तोंड आहे म्हणून."

खाली जाऊन आम्ही करंज्या तळल्या. वाणाच्या पिशव्या ताटात रचलेल्याच होत्या, वर हळदीकुंकवाची बोटं लावून. आता ते थांबवणं काकूंच्या हातात होतं, पण थांबवतील तर त्या काकू कसल्या. एकेकीच्या ओटीत तिळगूळ, बोरं म्हणून द्राक्षं, आणि कढीपत्ता पडायला लागला. मी कॉफीचा ट्रे घेऊन भिंतीला चिकटून उभी होते.

"अय्या, तुमच्या झाडाचा!" एक बाई पिशवी नाकाशी नेत म्हणाल्या. त्या दरवर्षी पुण्याहून स्वतःचं लोणचं आणायच्या आणि इथलं काहीच त्यांना आवडायचं नाही. "दुकानातल्याला हा वासच नसतो बाई. मी एका वासात सांगते, दुकानातला कोणता आणि घरचा कोणता."

काकू माझ्या डोक्यावरून पलीकडे भिंतीवरच्या गणपतीकडे बघत होत्या.

"किती औषधी ना? केसांना, डोळ्यांना," दुसरी म्हणाली.

"अँटिऑक्सिडंट असतात त्यात," तिसरी म्हणाली. त्या वर्षी तो शब्द चहाच्या खोक्यांपासून शांपूपर्यंत सगळीकडे होता. "हिला विचारा ना! ही काकूंची पानं लॅबमध्ये टेस्ट करते. काय गं, कसा आहे आपल्या काकूंचा कढीपत्ता?"

पंचवीस बायका माझ्याकडे वळल्या. कोपऱ्यातून रूममेटही वळली, तोंडात करंजी तशीच धरून. काकू गणपतीकडेच बघत राहिल्या, पण हातातली कुंकवाची कुयरी थांबली होती.

मला खोटं बोलायचं नव्हतं. खरं तर मुळीच बोलायचं नव्हतं.

"याचा परिणाम," मी म्हणाले, "फार हळूहळू होतो."

लोणच्याच्या बाईंनी मोठ्यानं मान डोलावली. "आयुर्वेदिक ना! आयुर्वेदिक हळूहळूच होतं. मुळापासून."

"तेच तर," सगळ्या म्हणाल्या. दोघीजणींनी आणखी एकेक डहाळी मागून घेतली. काकूंची कुयरी पुन्हा चालू झाली.

सोमवारी मी प्रोफेसरांच्या जवळ जाऊन उभी राहिले. त्यांनी वर पाहिल्यावर वही उघडून ठेवली. दुसऱ्या आणि तिसऱ्या नोंदीतलं 'त्याच झाडाची, ताजी' एका रेघेनं खोडून, शेजारी लिहिलं होतं: 'दुकानातली, गोठवलेली, पुन्हा पुन्हा वितळवलेली. आधीची नोंद चुकीची.' खाली सही आणि तारीख. लॅबच्या वहीत खोडरबर चालत नाही, चूक दिसलीच पाहिजे असा नियम. मला तो नियम कधीच आवडला नव्हता.

त्यांनी ते बराच वेळ वाचलं. "तुला हे आधी माहीत नव्हतं?"

"नाही."

"तू तिला विचारलं नाहीस, पानं कुठून आली?"

"ती... ती काकू आहे," मी इंग्रजीत म्हणाले. त्याचं इंग्रजी होईना.

ते काय समजले कोण जाणे. पेनाचं टोपण लावत, काढत राहिले. मला चुलत भावाचं मोटेल दिसायला लागलं. मला चुलत भाऊच नव्हता, तेही आठवलं.

"चुकीची नोंद ही वाईट गोष्ट आहे," ते शेवटी म्हणाले. "पण तू नकळत जे मोजलंस ते मला हवंय. ताजं पान आणि गोठवून वितळवलेलं पान. लोक घरी असंच वापरतात ना? फक्त आता नीट कर. दोन्ही, एकाच दिवशी, तीन तीन वेळा. ताजी पानं मिळतील?"

बारा पानांची काठी माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली. "किती लागतील?" मी विचारलं. त्यांनी मनात हिशेब केला. आम्ही अर्काची बाटली सगळ्यात छोटी घेतली, प्रमाण उतरवलं, पुन्हा मांडलं. प्रत्येक खेपेला एक पान पुरेल.

"तीन पानं," ते म्हणाले. "तीन पानं मागायला काही हरकत नसावी."

मला हसू आवरेना. दोन वर्षांत त्यांनी मला हसताना पाहिलं नव्हतं; ते दचकलेच.

मी काकूंना फोन केला. स्वतःहून, मागण्यासाठी. "काकू, तीन पानं हवी होती. झाडाची. म्हणजे... झाडाचीच."

बारातली तीन. काकू म्हणाल्या, "तू नको येऊस. तुझं कोपर नको त्या खोलीत. मीच आणते."

गुरुवारी त्या आल्या. बसनं, दोनदा बदलून. माझ्या माहितीत ती त्यांची ॲन आर्बरमधली पहिली बस. डोक्यावर काकांची लोकरी टोपी, कोटाच्या आत स्वेटर, स्वेटरच्या आत ब्लाउजमध्ये रुमालाची घडी. त्यात तीन पानं, अंगाच्या उबेनं ताजी.

"थंडी लागू दिली नाही," त्या म्हणाल्या. दुसऱ्या खिशातून त्यांनी दुकानाचं एक पाकीट काढलं, फ्रीझरमधलं, स्टिकरसकट. "हेही लागेल म्हणालीस."

मी त्यांना सुरक्षेचा चष्मा दिला. तो त्यांनी आपल्या चष्म्यावर चढवला आणि स्टुलावर पाय वर घेऊन बसल्या. लॅबमधली मुलं येता जाता बघत होती. मी पानं वाटली, अर्क काढला, गाळला. छोट्या काचेच्या दोन नळ्यांत जांभळं द्रावण घेतलं. आधी दुकानातल्याचा थेंब टाकला. काकू नाक लावून बघत बसल्या.

"जात नाहीये."

"नाही."

"ढिम्म आहे मेलं."

मग त्यांच्या पानाचा थेंब. जांभळ्यात एक पिवळसर धूर उतरला, पसरला आणि बघता बघता सगळा रंग फिका पडत सोनेरी झाला.

"अगोबाई!" काकू स्टुलावरून उतरल्या. "गेला की गं! काठी झाली तरी गेला!" आणि त्यांनी लॅबभर पाहिलं, कुणाला तरी सांगायला. तेवढ्यात प्रोफेसर आत आले.

मी ओळख करून दिली. काय म्हणून ते मला अजून आठवत नाही. प्रोफेसरांनी वाकून हात पुढे केला. काकूंनी नमस्कार केला, मग हातही दिला, मग जे इंग्रजी त्यांना येत होतं त्यात स्पष्ट म्हणाल्या: "माय ट्री. नॉट शॉप. शॉप इज नो गुड."

"मला माहीत आहे," प्रोफेसर गंभीरपणे म्हणाले. "माझ्याकडे आकडे आहेत."

दुसऱ्या आणि तिसऱ्या पानाचा आकडा पहिल्याला येऊन मिळाला. मीटिंगमध्ये माझा कढीपत्ता दोन ओळींनी तक्त्यात गेला, ताजा आणि गोठवलेला, आणि उन्हाळ्याच्या यादीत माझं नाव होतं. झाडाच्या मालकिणीचं नाव कुठे द्यायचं का, असं प्रोफेसरांनी विचारलं. मी काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, "वेडी आहेस का? लोक दोन्ही ओळी वाचतील."

त्या वसंतात काकूंनी ताक बंद केलं आणि मी वाचून सांगितल्याप्रमाणे काठीचा शेंडा छाटला. छाटला काकांनी, मला कात्री दिली नाही. एप्रिलमध्ये बुंध्यावर हिरवे ठिपके आले, मेमध्ये त्यांची बोटं झाली. कढीपत्त्यासाठी फोन येतच होते आणि काकू "आहे की, ये ना" म्हणतच होत्या. तळघरातला व्हॅनिलाचा डबा किती भरलेला आहे, ते मी कधी पाहायला गेले नाही. करंज्या आणायला मात्र त्या रूममेटला कधी पाठवत नसत. मलाच पाठवायच्या.

जूनमध्ये कुंडी डेकवर गेली. रूममेटनं खालून धरली, काकांनी वरून, मी पाच फूट लांब उभी राहून दार धरलं. निघताना आम्ही बूट घालायला वाकलो. काकू "थांबा हं" म्हणून बाहेर डेकवर गेल्या, कात्रीचा आवाज आला, आणि त्या आल्या त्या पिशवी न घेता. माझ्या हातात त्यांनी एक अख्खी डहाळी ठेवली, कोवळी, पोपटी, अजून चीक ओला असलेली. रूममेटच्या हातात तीन पानं.

बसस्टॉपवर रूममेटनं आधी माझ्या डहाळीकडे पाहिलं, मग आपल्या पानांकडे.

"यार, तू असं काय केलंस?"

"काही नाही," मी म्हणाले. आणि डहाळीची तीन पानं, मग आणखी एक, तोडून तिच्या हातावर ठेवली.